काऊन बरं केलं मले?

बुलढाणा जिल्ह्यातल्या तुरुंगात मी दर मंगळवारी कैद्यांची मानसिक तपासणी करायला जायचे. तिथं मेहकरकडचा एक शिंपी होता, पस्तिशीचा. मोठा भाऊ जेवणात विष कालवतो, असं त्याला वर्षभर कानात कुणीतरी सांगत होतं. एका दुपारी त्यानं कात्रीनं भावाचा जीव घेतला. आईबाप गेल्यावर ह्याच भावानं त्याला वाढवलं होतं, शिलाई मशीन घेऊन दिली होती.

त्याला मात्र झालेलं काहीच पटत नव्हतं. मी गेले की विचारायचा, "मॅडम, दादा आला का भेटीले?"

"आज नाही आले," मी म्हणायचे.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांत कानातले आवाज थांबले, तो झोपू लागला, दाढी करू लागला. कागदावर मी 'सुधारणा' लिहिलं आणि त्या दिवशी घरीही आनंदानं सांगितलं.

पुढच्या मंगळवारी तो बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसला.

"दादा येनार नाई ना आता?"

"नाही."

"मीच मारलं ना त्याले?"

मी मान हलवली. तो रडला नाही. म्हणाला, "पागल होतो तेच बेस होतं. काऊन बरं केलं मले?"



नंतर झडतीत त्याच्या अंथरुणात न गिळता लपवलेल्या गोळ्या सापडल्या. भाऊ जिवंत आहे असं वाटायचं, त्या दिवसांत त्याला परत जायचं होतं. त्याच आठवड्यात त्याची वहिनी पहिल्यांदाच भेटीला आली. तो जायला तयार नव्हता. मी सोबत गेले. जाळीपलीकडे ती येऊन बसली.

मग म्हणाली, "गोळ्या घेतो ना टाइमावर?"

तो हुंदके देऊ लागला.

"मी माफ नाई केलं तुले," ती म्हणाली. "पन ते असते तं त्यायनं पयले हेच इचारलं असतं." आणि ती उठून गेली.

त्या दिवसापासून त्यानं एकही गोळी चुकवली नाही. दर मंगळवारी भावाबद्दल नवं काही आठवायचं, ते तो मला सांगायचा. भावानं त्याला सायकल शिकवली ते, तापात रात्रभर उशाशी बसला ते. मी ऐकायचे आणि खाली बघून लिहीत राहायचे. पुढे त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं. तिथं हे सगळं तो कुणाला सांगत असेल, मला माहीत नाही.