फुलीवरची सोंगटी

भूकंप होऊन दिवाळी सरली, तरी मी अंगणात लिंबाखालीच झोपायचो. बायको आणि सात वर्षांची लेक केव्हाच घरात गेल्या होत्या. लातुरात क्लासेसचं पीक नुकतंच जोमात आलं होतं आणि मी त्यातला फिजिक्सचा मास्तर. घाबरणं म्हणजे अज्ञान, असं पोरांना ठणकावून सांगायचो. फक्त सांगताना माझा एक पाय दाराबाहेर असायचा.

लेक रोज विचारायची, "पप्पा, आज तरी आत येता का?" माझ्याशिवाय तिला झोप लागत नव्हती. एकदा वैतागून म्हणालो, "अष्टाचंगात माझी सोंगटी मधल्या घरात गेली, की त्याच दिवशी येतो."

झालं! रोज संध्याकाळी अंगणात खडूने पट आखला जाऊ लागला. फासे म्हणून चार फोडलेले चिंचोके. मी खेळायचो कमी, शिकवायचो जास्त. आपली पचिशी साहेबानं विलायतेला नेली, तिचा ल्यूडो झाला, सापशिडीही इथलीच, बुद्धिबळ इथून इराणमार्गे जगभर गेलं. इजिप्तच्या राजांच्या थडग्यांतही पट सापडलेत, हे सांगताना माझी नजर आपोआप आमच्या घरावरच्या मातीच्या जड माळवदाकडे जायची. खेळ असे जग फिरून आले, माझी सोंगटी मात्र फुलीच्या घरातून हलत नव्हती. फुलीवर तिला कुणी मारू शकत नाही. आणि समोरच्याची एक तरी मारल्याशिवाय आतल्या रांगेत जाता येत नाही, हा नियम तर माझ्या फारच पथ्यावर पडला होता.

बायको दारातून म्हणायची, "सारी गल्ली घरात झोपायलीय, अन् आमचे मास्तर फुलीवर बसलेत!"

एके दिवशी माझ्याच फुलीवर लेकीचीही सोंगटी होती. तिला दोन पडले. दुसरी सोंगटी हलवायची सोडून तिनं हीच उचलली आणि दोन घरं पुढे, उघड्यावर ठेवली.

"अगं येडे, मरंल की ती."

"मरू द्या. मारा की पप्पा."

मी चिंचोके टाकले. नेमके दोन. लाजत मारली. पुढे तिनं मला वाट देत देत, स्वतः हरत, माझी सोंगटी मधल्या घरात पोचवली आणि माझी उशी घेऊन आत पळाली.

मी उंबऱ्यावर थबकलो. आतून ती म्हणाली, "दाराजवळची जागा तुमची, पप्पा. भिंतीकडं मी झोपते."