गोजरा आजीच्या झोळ्या

गोजरा आजीच्या घरात दुपारी दहा-बारा पोरं झोपायची आणि एकही रडायचं नाही. माझा ह्याच्यावर विश्वासच बसेना. आमच्या घरात एकच पोर, भावाची मुलगी मितू, आठ महिन्यांची, तर तिने अख्खी वस्ती जागी ठेवली होती. आणि इथे दहा-बारा? सगळी गप्प? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी अरुणा. माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. भाजीवाल्याने जुडी उलटी धरली तरी मी ती सोडून बघणार. माझा मोठा भाऊ दत्तूदादा म्हणायचा, "हिला पोलिसात भरती करा." आम्ही मूळचे परभणीकडचे. ही गोष्ट शहाऐंशी सालची. दादा तुर्भ्याला ट्रकवर माल चढवायचा, वहिनी औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या कंपनीत होती, आणि मी त्यांच्याकडे राहून वाशीला बी.ए. करत होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. मितू झाली आणि सगळं लटकलं. वहिनीने नोकरी सोडून घर चालणार नव्हतं. मितूला सांभाळायला कोणी मिळालं नाही तर कॉलेज मी सोडायचं, हे घरात कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर फारच.

तेवढ्यात वहिनीला तिच्या कंपनीतल्या सरस्वतीने सांगितलं, की माझी सासू पोरं सांभाळते. ती सासू म्हणजे गोजरा आजी. तुर्भे गावातली जुनी रहिवासी. घर कौलारू, पुढे पडवी. मागे पूर्वी तिचं भातशेत होतं. ते नव्या शहरासाठी गेलं आणि आता तिथे एका कारखान्याची भिंत होती. आजी सांभाळायचे पैसे मागत नसे. आईने रोज मूठभर तांदूळ द्यायचे, त्याची पेज पोरांनाच. पण तिची एक अट होती. आईने काल नेसलेली साडी पोराबरोबर द्यायची. तीही न धुता. धुतलेली दिली तर ती परत पाठवायची.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनीकडे साड्या होत्या तीन. एक अंगावर, एक दोरीवर, आणि तिसरी ह्या म्हातारीकडे? वस्तीतल्या बायका कुजबुजायच्या, म्हातारी करणी करते म्हणून. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. माझा संशय जास्त व्यवहारी होता. तिच्या पडवीत मी कोऱ्या करकरीत स्टीलच्या ताटल्या बघितल्या होत्या. जुन्या साड्या बोहारणीला घालून भांडी घेते, दुसरं काय! पण खरी भीती वेगळीच होती. आमच्या वस्तीतल्या खाणीवर जाणाऱ्या काही बाया पोरांना बाळगोळी चाटवायच्या. तिच्यात अफू असायची. पोर दिवसभर निपचित पडून राहायचं. शेजारच्या मुक्ताबाईचं पोर असंच झोपलं आणि पुन्हा उठलं नाही. त्याच्या तोंडाचा तो कडवट वास माझ्या नाकातून गेला नव्हता.

तरी दुसरी सोय नव्हती, म्हणून रोज सकाळी मी मितूला तिच्याकडे सोडायला लागले. आता माझी पंचाईत बघा. संशय खरा निघाला तर मितू घरी, आणि तिच्याबरोबर मीही घरी.

त्याच दिवसांत कॉलेजात एक नवे सर आले. सामाजिक उद्योग हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. ते म्हणाले, हा धर्मादाय नव्हे आणि नुसतं दुकानही नव्हे. लोकांची अडचण सुटली पाहिजे आणि काम स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. असं काही दिसलं की दोन प्रश्न विचारायचे. ह्यात नवीन काय? आणि फायदा कोणाचा? मुलं जांभया देत होती. मला मात्र दुसरा प्रश्न भयंकर आवडला. जन्मभर ज्या स्वभावासाठी मी बोलणी खाल्ली, त्याला आता मार्क मिळणार होते.

एके दिवशी मी तास बुडवला आणि भर दुपारी न सांगता गोजरा आजीच्या दारात जाऊन उभी राहिले. ती चौकटीत हात लावून आडवी.

"कोन गो तू? मोजनीवाली का?"

"मोजणीवाली कशाला? मितूची आत्या. रोज सकाळी मीच आणते ना तिला!"

"सकालची येगली, दुपारची येगली. दुपारी मोजनीवाले येतान. कती मानसा, कती झारा, सगला लिवून घेतान. मंग जमीन जाते."

म्हटलं, वा! ही तर माझ्यापेक्षा वरचढ निघाली.

शेवटी तिने वाट दिली. आत वाशांना ओळीने झोळ्या टांगलेल्या. कुठे फुलाफुलांची साडी, कुठे विटकं लुगडं. निळ्या काठाची वहिनीची साडी मी लगेच ओळखली. तिच्यात मितू मुठी मिटून झोपली होती. मी वाकले आणि तिच्या तोंडाचा वास घेतला. दूध आणि पेज. बाकी काही नाही.

"गोलीचा वास बघतंस ना?" आजी पाठीमागून म्हणाली. "बघ, बघ. समद्यांचा बघ. तुजा मन भरू दे."

मला लाजबिज काही वाटली नाही. मी खरंच एकेक झोळी करत सगळ्या पोरांचे वास घेतले. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मग झोपतात कशी हो?"

"आमी भाताच्या लावनीला जायचो तवा बांधावर झोली बांधायचो, आपल्याच लुगऱ्याची. आयचा वास आला का पोराला वाटते, आय जवल हाय. धुतला का वास गेला. मंग ती निसती चिंधी."

"आणि ह्या नव्या ताटल्या?"

"सरस्वतीला कंपनीन दिल्या दिवालीच्या. अजून काय इचारतंस?"

"ह्यात तुमचा फायदा काय?"

ती जरा चिडलीच. पडवीतून त्या कारखान्याच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "शेत गेला तवापासून दुपारची मना कोन हाक मारीत नव्हता. आता उठली का बारा जना एकदम बोंबलतान. बरा वाटते."

हे ऐकून मला भरून आलं. तरी पुरतं पटलं म्हणाल, तर नाही. अधूनमधून जाऊन मी वास घेतच राहिले. आजीही दर वेळी चौकटीत आडवी उभी राहायची.

थंडी सुरू झाली तेव्हा एका संस्थेने कंपन्यांच्या रस्त्याला नवं पाळणाघर काढलं. भिंतींवर ससे आणि हत्ती, लोखंडी पाळणे, पांढऱ्याशुभ्र चादरी. वर्गणी नाममात्र आणि साडीची भानगड नाही. बायांनी भराभरा पोरं तिकडे हलवली. वहिनी म्हणाली, "अगं, माझी एक साडी तरी सुटेल." तिचं चुकलं असं मी कशाला म्हणू? तीन साड्यांत वर्ष काढून बघावं कोणीतरी. गोजरा आजीकडे तिचा स्वतःचा नातू तेवढा उरला.

सर ह्या पाळणाघरावर एकदम खूष. त्यांना त्यात नवीनही दिसत होतं आणि फायदाही. मी पहिल्या आठवड्यात मितूला सोडायला गेले, तर आवाज रस्त्यापर्यंत. सगळी पोरं टाहो फोडत होती. तिथल्या यशोदाबाई एकट्या ह्या पाळण्याकडून त्या पाळण्याकडे धावत होत्या. मला वाईट वाटलं, पण संशय आला नाही. रडणाऱ्या पोराचा काय संशय घ्यायचा?

मग सरांनी आमच्या वर्गाची तिथे भेट ठरवली. संस्थेचे पाहुणेही येणार होते. आम्ही आत गेलो तर सगळं शांत. एकूण एक पोर झोपलेलं. पाहुणे चवड्यांवर चालायला लागले. सर हळूच म्हणाले, "बघितलंत? ह्याला म्हणतात व्यवस्था."

माझ्या मनात पाल चुकचुकली. काल टाहो आणि आज हे? मी सरळ मितूच्या पाळण्याशी गेले आणि तिला उचललं. तिची मान मागे कलंडली. मुठी मिटलेल्या नव्हत्या, हात सैल लोंबत होते. मी तिच्या तोंडाशी नाक नेलं. कडवट.

तोंड उघडलं तर हे पाळणाघर जाणार. आजीचं घर आम्ही आधीच सोडलेलं, आता कुठल्या तोंडाने परत जायचं? म्हणजे मितू माझ्या गळ्यात आणि कॉलेजवर पाणी. हे सगळं डोक्यात आलं, खोटं कशाला सांगू? आलं आणि गेलं.

"यशोदाबाई, काय चाटवलंत हिला?" मी जोरात ओरडले, आणि तरी एकही पोर दचकलं नाही हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

यशोदाबाई रडायलाच लागल्या. "गोळी थोडीशीच दिली हो. पोरं राहतच नव्हती. पाहुणे यायचे होते, मी एकटी काय करू?"

"अरुणा, नंतर बोलू," सर म्हणाले.

"नंतर काय, सर? नवीन काय विचारलंत, फायदा कोणाचा विचारलंत. ज्यांच्यासाठी हे चाललंय ती पोरं दहा दिवस बोंबलून सांगत होती, ते कोणी ऐकलं का?"

सरांचा चेहरा पडला. पण माणूस वाईट नव्हता, त्यांनी स्वतः पोरं उचलून चेहऱ्यावर पाणी मारायला सुरुवात केली. मी मितूला घेऊन डॉक्टरकडे धावले. दवाखाना गावात, आणि दुपारचा बंद. समोरच गोजरा आजी पडवीत बसलेली.

तिने पोर माझ्याकडून ओढूनच घेतलं आणि तोंडाचा वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही.

"तूच दिलंस का?"

"आजी! मी?"

"कालेजात जायचा म्हून?"

माझा बांध फुटला. मी खाली बसून लहान पोरासारखी रडले. तिचा मुलगा पंढरी घरात होता, त्याला तिने डॉक्टरला घरून आणायला पिटाळलं, आणि मितूच्या तळव्यांना टिचक्या मारत बसली. डॉक्टर आले, डोळे बघितले, छाती तपासली. म्हणाले, "श्वास ठीक आहे. हिला झोपू देऊ नका, मी परत येतो." आणि ते पाळणाघराकडे धावले.

आम्ही दोघी तिला हलवत होतो, फिरवत होतो. ती डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. ऊं नाही की चूं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं पोर रडावं म्हणून वाट बघत होते. शिफ्ट सुटताच निरोप मिळाला तशी वहिनी पळतच आली, घामाने भिजलेली, अंगाला औषधांचा वास. तिने मितूला पदराखाली घेतलं. मितूने नाक तिच्या साडीत खुपसलं, थोडा वेळ तशीच राहिली, आणि मग असा गळा काढला, असा गळा काढला, की मागच्या कारखान्यातल्या माणसांनी भिंतीवरून बघितलं.

"रडली!" आजी म्हणाली. "आता बरी हाय."

बाकीची पोरंही संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली. वहिनीने विचारलं, कोणी दिलं हे? आजी म्हणाली, "त्या पालनाघरान. हिनी नाय दिला. मना पयला हिचाच संशय आला, पन खोटी मानसा अशी शेंबूर गालून नाय रडत."

त्या पाळणाघराला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी मी मितूला, मूठभर तांदूळ आणि वहिनीची न धुतलेली साडी घेऊन आजीच्या दारात गेले. वाटलं, आता तरी सरळ आत घेईल. कसलं काय! चौकटीत आडवी उभी. आधी मितूचं तोंड हुंगलं, मग माझे हात हुंगले, आणि मगच पोर घेतलं.

मितू बालवाडीत जाईपर्यंत तिने हे रोज केलं, माझं बी.ए. होऊन गेलं तरीही. माझ्यावर तिने एक दिवससुद्धा विश्वास ठेवला नाही. म्हणून तर मी पोर तिच्याकडे टाकून निर्धास्त कॉलेजला जायचे.