जनरेटरचं इंजिन

कंपनी बंद पडली तेव्हा बाबांच्या बरोबरच्या सगळ्यांनी रिक्षा घेतल्या. आमच्या बाबांनी मिलिटरीचा ट्रक घेतला. लिलावात निघालेला, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेला, चाकं माझ्या छातीला लागतील एवढी. बुवापाड्याच्या गल्लीत तो शिरला तेव्हा दोन घरांचे पत्रे वाकले आणि आईने एकच प्रश्न विचारला, "हे धूड डिझेल किती पितं?" बाबा बॉनेट उघडून आत बघायला लागले. नको असलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं ही त्यांची जुनी सवय आहे.

मागे साखळी आणि कप्पी बसवून त्यांनी त्याची क्रेन केली. कर्जत रस्त्यावर कलंडलेले टेम्पो ओढून काढायचे, एमआयडीसीत मशिनं उचलून द्यायची. त्यावर आमचं घर चाललं, माझं कॉलेज झालं. पण बाबांना विचारलं असतं तर त्यांनी ट्रकचं खरं काम एकच सांगितलं असतं: हेंद्रेपाड्यातून अक्काला बाहेर काढणं.

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. आईबाप लवकर गेले, बाबांना तिनेच वाढवलं. नवरा गेल्यावर ती बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या एका चाळीत तळमजल्याच्या खोलीत एकटी राहायची आणि उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्सच्या पँटींचे धागे कापायची. पुढे तिचं अर्धं अंग लुळं पडलं. चालणं संपलं, पण कात्रीचा हात शाबूत राहिला. आमच्याकडे राहायला ये म्हटलं की फणकारायची, "तिथं येऊन काय करू? तुझ्या बायकोला कामं सांगू?" नदी तिथून जवळ. पावसाळ्यात कधीतरी ती चढायची आणि पाणी चाळीत यायचं. मग बाबा ट्रक काढायचे.

तो ट्रक पाण्यातून जायला बनवलेलाच होता. इंजिनला हवा लागते, आणि हवेच्या तोंडातून पाणी आत गेलं की इंजिन संपतं, एवढं आमच्या घरात लहानपणापासून सगळ्यांना पाठ. मिलिटरीवाल्यांनी हवेचा पाइप केबिनच्या कडेने थेट टपापर्यंत नेला होता. त्यामुळे पाणी बॉनेटला लागलं तरी गडी चालत राहायचा. बाबा अक्काला उचलून पुढच्या सीटवर बसवायचे, मागे चाळीतली चार घरं चढायची, आणि अक्का सगळ्या वाटेने बाबांच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायची. मला तेव्हा ती मजा वाटायची. पूर येऊ दे असंही एकदोनदा वाटलंय. लहान होते.

मग एका उन्हाळ्यात वालधुनीच्या पुलावर इंजिन जाम झालं. आतलं सगळं घासून गेलेलं, त्याचे पार्ट कुठे मिळेनात. ट्रक ओढून आणून दारात उभा केला आणि बाबाही त्याच्यासारखेच बंद पडले. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस दिवसभर ओट्यावर बसून समोर बघायचा. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं तेव्हा चाळीतल्या पोरांनी अक्काला खुर्चीत घालून वरच्या मजल्यावर नेलं. पोरांच्या हातून ती निसटली, कपाळाला खोक पडली. नंतर फोनवर ती बाबांना म्हणाली, "तुझा हत्ती मेला, आता माझं काय खरं नाय." ती हसत म्हणाली होती. बाबांनी फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी इंजिन शोधायला निघाले.

शोधून शोधून ते सापडलं उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या मागे. जीन्स धुण्याचा एक कारखाना बंद झाला होता आणि त्याचा जनरेटर भंगारात निघाला होता. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, आमच्या ट्रकच्या मापाला जवळपास बसेल असं. भंगारवाले सिंधी शेठ खुर्चीतून न उठता म्हणाले, "साईं, इसने कभी धूप नहीं देखी. छपराखाली बसून होतं बघा. ऐकून घेऊन जा." बाबांनी ते चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. मी शेजारी उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला रडूच आलं.

इंजिन बसवायचं काम बाबांचा जुना मिस्त्री करणार होता. दोघं एकाच कंपनीत होते, एकाच दिवशी बाहेर पडले. कप्पीने जुनं इंजिन उचललं, नवं गल्लीत ठेवून पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं, तर गटार निळं झालं. एवढी वर्षं जीन्सचा रंग खाऊन बसलेलं ते. गल्लीतल्या बाया ओरडल्या. मग एकेक अडचण निघायला लागली. गिअरबॉक्सला ते जुळेना, म्हणून एमआयडीसीतल्या लेथवर मधली जाड प्लेट बनवून घेतली. जनरेटरचं इंजिन एकाच वेगाने फिरणारं, त्याला ट्रकसारखं कमीजास्त पळायला शिकवायला डिझेलचा पंप बदलला. मिस्त्रीच्या आणि बाबांच्या नाकी नऊ आले, पण दोघं खुशीत होते. आई चहा देऊन देऊन थकली आणि म्हणाली, "माझ्या बाळंतपणालासुद्धा एवढी धावपळ नव्हती केलीत."

आणि मग तो पाइप आला. नव्या इंजिनचं हवा ओढायचं तोंड जुन्यापेक्षा उलट्या बाजूला होतं. टपापर्यंत जाणारा जुना पाइप त्याला पोचेना.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, वरून घ्यायचा तर बॉनेट कापायला लागेल. एवढा गोल. कटर मारू?"

"बॉनेटला हात नाय लावायचा," बाबा म्हणाले.

बॉनेटवर मिलिटरीचा पांढरा नंबर होता, अर्धा पुसलेला. ट्रकला तीनदा रंग मारला तरी बाबा तेवढी जागा सोडायचे. कंपनीने त्यांना वीस-बावीस वर्षांनी घरी पाठवलं ते साध्या कागदावर. त्या ट्रकने मात्र कुठे कुठे नोकरी केली होती आणि त्याचा नंबर अजून शाबूत होता. त्याला भोक पाडायचं त्यांच्या जिवावर आलं. हे तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं, आणि कळून काही उपयोग नाही.

"मग सध्यापुरता खालून काढतो," मिस्त्री म्हणाला. "चाकाच्या मागे फिल्टर लावू. गाडी चालवून बघा. पावसाच्या आधी बघू काय करायचं ते."

सध्यापुरता. या शब्दाचा मला आता एवढा राग येतो की ऑफिसात कोणी उच्चारला तरी मी वसकन अंगावर जाते. आमच्या या पट्ट्यात सगळं सध्यापुरतंच असतं. उल्हासनगरातल्या मिलिटरीच्या बराकी महायुद्धापुरत्या बांधलेल्या, त्यात निर्वासितांच्या पिढ्या गेल्या. आमच्या बुवापाड्यातलं नळाचं कनेक्शन सध्यापुरतं, जिन्याला टेकू म्हणून लावलेली लाकडी बल्ली सध्यापुरती. कोणी फसवत नाही. करणाऱ्याला आणि करून घेणाऱ्याला दोघांना मनापासून वाटत असतं की नंतर नीट करू. मग ते चालायला लागतं, आणि चालणाऱ्या गोष्टीला आमच्याकडे कोणी हात लावत नाही.

ट्रक चालू झाला त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. बाबांनी घरात बजावलं, "अक्काला कोणी सांगायचं नाय. मी सरळ तिच्या दारात नेऊन हॉर्न मारणार." तिला तोंडावर चकित करायचं एवढीच त्यांची हौस होती. पण लगेच कामं आली. दोन वर्षं पडून राहिलेल्या गाडीला गिऱ्हाईक परत मिळतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आज जाऊ, रविवारी जाऊ करता करता पावसाळा लागला, आणि पाइप चाकामागेच राहिला.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. दुपारी कोणीतरी सांगत आलं की बदलापुरात नदीने रस्ता गाठलाय. बाबा उठले ते थेट केबिनमध्ये. मिस्त्री आमच्याकडेच होता, तोही चढला. मी दोरखंड घेऊन मध्ये बसले. आई दारातून ओरडली, "चहा तरी घेऊन जा!" मिस्त्रीने वाटेत एकदाच विषय काढला, "भाऊ, पाइप खाली आहे." बाबा म्हणाले, "गुडघाभर पाणी असेल. लगेच परत फिरू."

उड्डाणपूल उतरून पश्चिमेला आलो तेव्हा खरंच गुडघाभर होतं. लोक कडेला सरकून वाट देत होते. एका गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "ट्रक आला रे!" आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्या वळणावर पाणी एकदम वाढलं. आत्याच्या गल्लीचं तोंड समोर दिसत होतं. बाबांनी गिअर टाकला, ट्रक पुढे सरकला, आणि इंजिनमधून ठक्क असा एक आवाज आला. एकच. मग पावसाशिवाय काही ऐकू येईना.

बाबांचा हात स्टार्टरवर गेला. मिस्त्रीने तो धरला. "मारू नका भाऊ. पाणी घेतलंय त्याने."

बाबांनी दार उघडून उडी मारली. पाणी त्यांच्या गळ्याशी आलं आणि ओढीने त्यांचे पाय सुटले. मी आणि मिस्त्रीने शर्टाला धरून त्यांना पायरीवर ओढून घेतलं. ते आम्हाला शिव्या देत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला घाण शिवी दिली. पाणी वाढतच होतं. शेवटी बाजूच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी आमचाच दोरखंड पकडून आम्हाला जिन्यावर घेतलं. तिथे पहिल्या मजल्याच्या खिडकीला धरून बाबा अक्काला हाका मारत राहिले. तेवढ्या पावसात त्या हाका समोरच्या भिंतीपर्यंतसुद्धा पोचत नव्हत्या. तिघांचेही फोन भिजून बंद पडले होते. आम्ही तिघं धडधाकट माणसं, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि काही म्हणजे काही करू शकत नव्हतो. त्याहून वाईट माझ्या वाट्याला अजून काही आलेलं नाही.

सकाळी पाणी उतरलं. आत्या खोलीत होती, खाटेवर. भिंतीवर पाण्याची रेघ खाटेच्या बरीच वर होती. बाबांनी तिला उचललं, नेहमी उचलायचे तसं, आणि बाहेर आणलं.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर चाळीतल्या शेजारच्या काकींनी मला बाजूला घेतलं. "तुझ्या बाबांना सांगू नको," त्या म्हणाल्या. "पोरं आली होती गं दोर आणि ट्यूब घेऊन. आत्याला उचलायलाच आलेली. तर त्या म्हणाल्या, आधी त्या कोपऱ्यातल्या बाळंतिणीला न्या. माझा भाऊ निघालाय, त्याचा ट्रक चालू झालाय. पोरं बाळंतिणीला सोडून परत आली तर गल्लीत शिरायला होईना, एवढी ओढ."

मला समजेना की तिला ट्रकचं कळलं कुठून. घरी आल्यावर आईला विचारलं. आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही निघालात आणि तिचा फोन आला. पाणी घरात आलं म्हणून रडत होती. मी काय करणार होते? म्हटलं, अक्का, घाबरू नका, ते निघालेत. ट्रक चालू झालाय. तुम्ही जागच्या हलू नका." एवढं बोलून ती तांदूळ निवडत राहिली.

मिस्त्री आता आमच्याकडे येत नाही. ट्रक बदलापूरहून ओढून आणला, तसाच उभा आहे. इंजिन उघडून बघायचीही कोणाची इच्छा नाही. पाइपचं बाबा स्वतःहून बोलतात, अगदी आल्यागेल्यासमोर बोलतात. बॉनेट कापलं असतं तर अक्का असती, असं सरळ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला खाली बघायला लागतं. आम्ही त्यांची समजूत घालायचं सोडून दिलं आहे, कारण ते म्हणतात ते खरं आहे.

फक्त जेवताना कधीतरी त्यांचा घास हातात थांबतो आणि ते आईकडे बघतात.

"एक बरं झालं," ते म्हणतात. "ट्रक चालू झालाय ते तिला माहीत नव्हतं. नायतर बिचारी माझी वाट बघत बसली असती."

आई त्यांच्या ताटात भात वाढते. "हो," ती म्हणते. "तिला कुठं माहीत होतं."