गुणाबाईला कुणी उचलायचं नाही

शेलार गावातल्या बायका मला कैदाशीण म्हणायच्या. म्हणेनात का! एक्क्याण्णव साली माझ्या सासूच्या, गुणाबाईच्या, अंगावरून वारं गेलं आणि डावं अंग लुळं पडलं, तेव्हापासूनचं हे नाव.

ही बाई आधी कशी होती ते सांगते. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन रोज निजामपुऱ्याच्या बाजारात चालत जायची. पाटी चढवायला कुणी हात लावला तर शिव्या घालायची. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हिंदीत सुरू व्हायची, आणि तिचं ते हिंदी ऐकून कापडाच्या लूमवरचे परमुलखातले कामगार हसत हसत भाव कबूल करायचे. अशी बाई खाटेला खिळली. सगळं घर सेवेला लागलं. मी घास भरवायचे, नणंद वेणी घालायची, माझा नवरा चिंधू शिफ्टवरून आला की तिला उचलून मोरीवर न्यायचा. गाव वाहवा करत होतं आणि बाई वाळत चालली होती.

मग कुणीतरी निजामपुऱ्यातल्या सरोजिनीबाईंचं नाव सांगितलं. व्यायामाच्या डॉक्टरीण. लोक त्यांना मालिशवाली म्हणायचे, पण मालिश त्यांनी केलीच नाही. सासूला मी आई म्हणायचे; त्या आईचा हात, पाय, खांदा सरोजिनीबाईंनी हलवून बघितला आणि विचारलं, हिला जेवण कोण भरवतं? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, मीच की.

"उद्यापासून बंद," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळं करत राहिलात तर तिचं अंग पुन्हा शिकणार कशाला? आणि ही पडणार. पडली तर लागलंय का ते बघायचं, पण उचलायचं नाही. तिचं तिने उठायचं."

म्हणून त्यांनी आधी तेच शिकवलं, जमिनीवरून उठणं. घरी गोधडी अंथरून आमचं रोज तेच चालायचं. आई मला आईबापावरून शिव्या द्यायची, रडायची आणि उठायची. हळूहळू काठी धरून फिरायला लागली, डाव्या हाताने कांदा दाबून उजव्याने चिरायला लागली. मी ओट्यावर हात बांधून बसलेली आणि सासू पाय ओढत पाणी घ्यायला चाललेली, एवढं दिसल्यावर काय हो! गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? कैदाशीण सासूला राबवते, हेच जिकडेतिकडे.

गोष्ट राहनाळ गावात पोचली. तिथे आईचा भाऊ, लडकूमामा. बहिणीवर जीव टाकणारा माणूस, खोटं कशाला बोलू? रिक्षा घेऊनच आला. म्हणाला, बायला, माझ्या बहिणीला, मी नेतो, पलंगावर ठेवीन, पाण्याचा पेलासुद्धा तोंडाला लावीन. तिथे गेली असती तर महिन्याभरात पुन्हा लाकूड झाली असती. मी परोपरीने सांगितलं, चिंधूनेही सांगितलं. मामा ऐकेना. आईची लुगडी आणि गोळ्या पिशवीत कोंबून त्याने ती रिक्षाजवळ नेऊन ठेवलीसुद्धा. आणि आईने त्याला अडवलं नाही. व्यायामाला वैतागलेली, त्यात भावाची माया. जाते की काय, असंच मला वाटायला लागलं.

ती काठी टेकत अंगणात आली आणि सगळ्यांदेखत पडली.

मामा धावला. मी आधी वाकून बघितलं, लागलं नव्हतं. मग त्याच्या आडवी उभी राहिले.

"मामा, हात लावायचा न्हाय."

शेजारची रंगूबाई कपाळ बडवून घ्यायला लागली. सासू मातीत पडलीय आणि सून वाट अडवतेय, असं कलियुगात बघायचं होतं म्हणाली. मी हटले नाही.

आई उजव्या कुशीवर वळली. कोपरावर आली. दम घेतला. गुडघ्यांवर झाली, ओट्याची कड धरली, उजवा पाय रोवला. तो घसरला. तिने पुन्हा रोवला आणि उभी राहिली.

तोंड घामाने निथळत होतं. तसंच भावाकडे बघून म्हणाली, "लडकू, तुला उचलायची लय हौस हाय ना? मग ती पिशवी उचल. घरात नेऊन ठेव."

मामाने पिशवी उचलली.