फोटोसमोरचे दात

चाळिशी ओलांडल्यावर दात सरळ करून घ्यायची हौस मला आली, त्याची शिक्षा उरणमध्ये मिळाली. जासईच्या कंटेनर यार्डात माझ्यासोबत काम करणाऱ्या मित्राचे वडील वारले, म्हणून भेटायला गेलो होतो. सुतकात त्यांच्या घरी चूल पेटत नव्हती. शेजारीणबाईंनी कॉफी करून आणली आणि कप हातात दिला. अशा घरी नको म्हणता येत नाही. इकडे डेंटिस्टने भीती घालून ठेवलेली: दातांवर बसवायचे हे अलाइनर लावून गरम प्यायलात तर प्लास्टिक वाकेल, सगळी मेहनत फुकट. कोणी बघेल म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं, ते दोन पारदर्शक साचे दातांवरून काढले आणि रुमालात गुंडाळले.

दोन घोट घेतले असतील, तोच मित्राला हुंदका फुटला. मी मूर्खासारखा रुमाल पुढे केला. साचे टपकन चटईवर पडले.

त्याच्या आईने ते उचलले. काका कवळी लावायचे. रडून सुजलेल्या डोळ्यांना काय दिसणार? "यांचेच दात हायत," म्हणत तिने ते कपाळाला लावले आणि दिव्यापाशी, फोटोसमोर, काकांच्या चष्म्याशेजारी ठेवले. सगळ्यांनी हात जोडले.

माझे आहेत, एवढंच म्हणायचं होतं, पण आता सगळ्यांचे हात जोडलेले होते. आणि परत मिळाले असते, तरी ते तोंडात कोण घालणार होतं?

शेवटी मीही हात जोडले. मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर ठेवलेल्या माझ्याच दातांना.