श्री लिहून सुरू केलेली फाइल

बदनापूर स्टेशन मागे पडून बराच वेळ झाला होता. वाडीची शेवटची जीप चुकली म्हणून दोघी पायीच निघाल्या होत्या. द्वारकाबाई जालन्याला डोळे दाखवायला गेलेल्या. परतीच्या गाडीत कुशिवर्ता भेटली, आणि तेव्हापासून ती हातातला प्रोग्राम लिहिलेला कागद उलटसुलट करून बघत होती.

"ठेव तो. खड्ड्यात पाय जाईल."

"बाई, ह्यात चूक न्हाईच. वर्गात बराबर चालत व्हतं. मंग दुकानातच काय झालं?"

द्वारकाबाईंनी नुसतं हं केलं. त्यांनी तिला पहिलीपासून शिकवलेलं, पण कॉम्प्युटर त्यांनी फक्त बँकेत, काचेपलीकडून पाहिला होता.

कुशिवर्ता दहावीला शाळेत पहिली आली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. काही वर्षांनी एक पत्र्याची पेटी घेऊन ती माहेरी आली, ती परत गेलीच नाही. का, ते तिनं सांगितलं नाही. आई सोनूबाईनं विचारलंही नाही, नुसतं एक ताट वाढवलं. भाऊ भुजंग मात्र म्हणाला, दिवाळीपर्यंत काम लागलं तर राहा, न्हाई तर मीच सासरी नेऊन घालतो. मग ती रोज जालन्याला, मस्तगडच्या कॉम्प्युटर वर्गाला जाऊ लागली. ते अठ्ठ्याण्णव साल. गावात अजून टीव्हीसुद्धा मोजक्याच घरी होता.

सर्जेराव नावाच्या बियाण्याच्या व्यापाऱ्यानं दुकानात कॉम्प्युटर आणून ठेवला होता, पण चालवायला माणूस नव्हता. तो म्हणाला, माझ्या गावोगावच्या दुकानदारांची नावं भर. मी नाव सांगितलं की पत्ता निघाला पाहिजे. निघाला तर उद्यापासून कामावर ये. ती परीक्षा आजच होती.

"मंग? निघाला का न्हाई?" द्वारकाबाईंनी विचारलं. उत्तर तिच्या तोंडावर दिसतच होतं.

"मालक म्हणले, शहागडचा अप्पाराव काढ. कॉम्प्युटर म्हणतो, नाव सापडलं न्हाई. दुसरं नाव सांगितलं. न्हाई. मंग म्हणले, माझंच घाल. पहिलं नाव त्यांचंच भरलं व्हतं मी. तरी न्हाई." ती थांबली. "तर हमालांना म्हणले, बघा रे, मी हाये का ह्या दुकानात? सगळे हसले. मी बी हसले, बाई. काय करू?"

"पुन्हा कधी बोलावलंय?"

"न्हाई बोलावलं. औरंगाबादचा एक पोरगा येतोय. त्याला शब्द दिला माझ्यासमोरच."

मागून एक बैलगाडी आली आणि पुढे निघून गेली. द्वारकाबाईंना वाटलं, काहीतरी विचारावं, म्हणजे पोरगी नुसती आत आत कुढणार नाही.

"मला सांग, ते शोधतं कसं? पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांग."

कुशिवर्ता नाइलाजानं सांगू लागली. "एक फाइल असती. म्हणजे वहीच समजा. प्रोग्राम ती उघडतो. पहिल्या ओळीत आकडा असतो, खाली नावं किती ते. चाळीस असला तर चाळीस वेळा खालची ओळ वाचतो, आपल्या नावाशी ताडतो. जुळलं तर दाखवतो. आकडा संपेपर्यंत जुळलं न्हाई तर म्हणतो सापडलं न्हाई."

"आन् तू पहिल्या ओळीत चाळीस लिहिलं व्हतं?"

"लिहिलं की. दुसऱ्या..."

तिचे पाय जागीच थांबले. द्वारकाबाई चार पावलं पुढे गेल्या आणि वळल्या.

"वर्गातली फाइल सरांनी बनवलेली," कुशिवर्ता हळू बोलली. "दुकानातली मी सकाळी नवी केली. आधी वर श्री लिहिला. आकडा त्याच्या खाली. प्रोग्रामला आकडा पाह्यजे, त्याला भेटला श्री. अक्षराला ते शून्य धरतं, बाई. शून्य नावं. त्यानं एक बी ओळ वाचली न्हाई."

आयुष्यभर द्वारकाबाईंनी पोरांना कोऱ्या पानावर आधी श्री काढायला लावला होता. स्वतः किराणाची यादी करतानाही त्यांचा हात आधी श्रीकडेच जाई.

"ती ओळ काढली की झालं ना मग? उद्या मी येते तुझ्यासंगं. मालकाला समजावू."

"काय समजावू? श्री खोडला, आता चालतंय, असं म्हणू? त्यांच्या वहीवर बी श्रीच असतो. त्यांची वही चालती." तिनं कागदाची घडी घातली. "आन् शब्द देऊन झालाय त्यांचा."

द्वारकाबाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पण देवाकडे नेमकं काय मागावं तेच त्यांना कळेना. वाडीतले दिवे दिसू लागले होते. वेशीजवळच्या पहिल्या घराच्या ओट्यावर सोनूबाई बसलेली होती. एवढ्या लांबूनही ती ओळखू आली. दोघींना पाहून ती उठून उभी राहिली.

कुशिवर्तानं बाईंचा हात धरला.

"सकाळी निघताना आईनं हातावर साखर ठिवली. म्हणली, आधी श्री लिही, मंग मशीनला हात लाव. ती इचारल तुम्हालाच. काम गेलं ते मी सांगते, भुजंगाचं बी बघते. कशानं गेलं ते तेवढं सांगू नका, बाई. म्हणा, पोरीलाच येत नव्हतं."