तुपातला खड्डा

साठ सालाच्या सुमारास बोरी अरबच्या बाजारात एक बंजारा बाई तूप विकायची. कोपरापर्यंत बांगड्या आणि आवाजात जरब. शेगडीवर पातळ केलेलं तूप गिऱ्हाइकाच्या भांड्यात ओतताना ती दटावायची, "पाहून घे!"

एका हिवाळ्यात आमचा पितळी गडवा तिनं गळ्यापर्यंत भरला. आमचा बाजार फिरून होईस्तोवर तूप थिजलं आणि मधोमध खड्डा पडला. आई तरातरा परतली. "मापात पाप केलं ना वं?"

बाई नुसती हसली. गडवा शेगडीजवळ ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बसली. तूप वितळलं आणि पुन्हा गळ्याला टेकलं.

"मी नाई चोरलं, बाई," ती म्हणाली. "थंडीत तुपानंच आंग चोरलं."

गडवा उचलून निघताना मात्र अंग चोरलं ते आमच्या आईनं.